तापीकाठी बापूचं स्थळ

किस्से कोणी जमवत नाही हो, ते आपोआप साचतात. आमच्या धुळ्याच्या ऑफिसातले चारजण आजही कुठे भेटलो, की तिसऱ्या मिनिटाला तापीवरची भरीत-पार्टी निघतेच. बायका म्हणतात, झालं, आता चहा गार होणार. पण एकट्या एका रविवारानं इतकं दिलंय, की आमचाही नाइलाज आहे.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची थंडी असेल. बापू आमचा टायपिस्ट, मूळचा नशिराबादचा, भरिताचा वस्ताद! पण मुलगा बघायला पाहुणे आले, की याच्या तोंडाला कुलूप. अशी तीन स्थळं हातची गेली होती. चौथं सोनगीरचं. मुलीच्या वडिलांचं, आबांचं, पत्र आलं की रविवारीच येतो. इकडे वांगी येऊन पडलेली, टेम्पो ठरलेला! मग त्यांना कळवलं, सरळ नदीवरच या. बापूला ताकीद दिली: पांढरा शर्ट घालायचा, जाळाजवळ फिरकायचं नाही आणि देवाच्या कृपेनं जरा बोलायचं.

*

नदीवर पोचलो तर मीठच नाही. मला वाटलं नानांनी घेतलंय, नानांना वाटलं मी घेतलंय. नाना म्हणजे आमचे हेडक्लार्क. शेजारच्या मळ्यात एक अक्का कांदे निंदत होत्या. त्यांनी आपल्या भाकरीच्या फडक्यातलं मीठ काढून दिलं.

वर म्हणाल्या, "घ्या. मीठ मनं, नाव तुमनं." म्हणजे मीठ त्यांचं आणि भरिताचं नाव आमचं!

*

आपण तरुणपणी भर पुरात तापी पोहून गेलो, हे नाना महिन्यातून एकदा तरी सांगत. काठाला होडी दिसली, आम्ही त्यांना बसवलं. दहा हात पुढे गेलो नसू, तोच नानांनी होडीवाल्याच्या कमरेला मिठी मारली.

तो शांतपणे म्हणाला, "नाना, मले सोडा, म्हणजे होडी चालंन."

परत आल्यावर नाना आम्हालाच सांगतात, आज पाण्याला ओढ फार होती!

*

साहेब नवे, पुण्याकडचे. भूक लागली म्हणून त्यांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा दिला. त्यांना वाटलं कोथिंबिरीची चटणी! चांगला चमचाभर एका घासात. मग उठले आणि तडक गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. आम्ही म्हटलं, व्वा, साहेब निसर्गप्रेमी दिसतात. जवळ जाऊन बघतो तर जीभ बाहेर काढून वाऱ्याला धरलेली.

"फार सुंदर जागा आहे," साहेब डोळे पुसत म्हणाले.

*

बापू बिचारा बाभळीखाली रुमाल अंथरून बसला होता. भरीत नानांच्या ताब्यात. कपाशीच्या काड्यांचा त्यांनी असा जाळ केला, की निम्मी वांगी वरून कोळसा आणि आतून कच्ची. बापूनं दहा मिनिटं सोसलं. मग उठला, बाह्या सारल्या आणि नानांना बाजूला सरकवलं. उरलेली वांगी भाजली, सोलली, लाकडी बडगीत घालून ठेचली, मिरची-लसणाची फोडणी, वर कांद्याची पात. वास असा सुटला की काय सांगू! पण शर्ट काळा, नाक काळं. चौथं स्थळही गेलं म्हणून मला अगदी रडू यायचं बाकी होतं.

नेमके तेव्हाच आबा आले. नाना गडबडले. मुलगा पाणी आणायला गेलाय, तोवर जेवून घ्या, असं काहीतरी सांगून टाकलं. आबा बसले. एकदा वाढून घेतलं, दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा केळीचं पान बोटानं पुसून घेतलं. मुलाची चौकशी काही करेनात. हात धुतले आणि सरळ जाळापाशी जाऊन बापूच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, उन्हाळामां मनी पोरनं लगीन करनं शे. बठ्ठा गावले असंच भरीत वाढनं शे. तू येशी का?"

सगळ्या गावाला भरीत वाढायला! आबांनी बापूला आचारीच धरलं होतं. बापूनं पालथ्या हातानं नाक पुसलं, ते आणखी काळं केलं, आणि म्हणाला,

"येईन ना, आबा. पण बाशिंग बांधून जाळासमोर बसलेलं चालंन का तुम्हाले?"