एकाच गोळीची दोन नावं

मागच्या वर्षी बाबा न्हाणीघरात दोनदा घसरून पडले. दुसऱ्यांदा कपाळाला टाके घालावे लागले. काकांनी लगेच सूत्रं हाती घेतली. आमचे पूर्वज इथे, हिंदी मुलखात, मराठी संस्थानाच्या दरबारात होते, एवढ्याच भांडवलावर काका आयुष्यभर जगत आले आहेत. आपल्या घरातला माणूस लहानसहान डॉक्टरकडे जात नाही, असं त्यांचं मत. त्यांच्या ओळखीने आम्ही एका नामांकित डॉक्टरकडे जाऊ लागलो.

त्या गृहस्थांनी सहा महिन्यांत एकदाही मान वर करून बाबांकडे पाहिलं नाही. फोनवर आपल्या बंगल्याच्या फरशीबद्दल बोलत ते फाइल पुढे ओढायचे. "अब चक्कर भी आने लगे हैं," मी सांगायचो. "उम्र है," म्हणून ते एक गोळी वाढवायचे. काका कृतार्थ चेहऱ्याने हात जोडायचे. मीही जोडायचो.

माझी बायको हजीऱ्यातल्या, म्हणजे शहराच्या कामगारवस्तीतल्या, शाळेत शिकवते. तिने तिथला एक दवाखाना सुचवला.

"हजीऱ्यात?" काका म्हणाले. "तिथे आपल्यातलं कोण जातं रे?"

मी बाबांना ऑटोत बसवलं.

दवाखाना दोन खोल्यांचा. नर्सबाईंनी बाबांना पंख्याखाली बसवलं आणि मला विचारलं, "दवाइयाँ लाए हो?" मी चिठ्ठी पुढे केली. "पर्ची नहीं. जो सच में खाते हैं, वो लाओ. नंबर मैं सँभाल लूँगी." मी माधवगंजला घरी जाऊन पिशवी घेऊन आलो, तोवर नर्सबाई बाबांना पाणी देऊन त्यांच्याशी गप्पा मारत होत्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी सांगायला लागलो तर म्हणाल्या, "उन्हें बोलने दीजिए." बाबा बोलले. सकाळच्या गोळ्यांनंतर तासाभराने, खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हे मलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बाबांचं ब्लडप्रेशर आधी झोपवून मोजलं, मग उभं करून. नर्सबाईंनी टेबलावर मांडलेल्या पाकिटांतली दोन उचलून माझ्यासमोर ठेवली. "नाम अलग हैं, दवा एक ही है."

बाबा ब्लडप्रेशरची एकच गोळी रोज दोनदा घेत होते.

त्यातली एक बंद झाली. तिसऱ्या दिवशी नर्सबाईंचा फोन आला, बाबा कसे आहेत विचारायला. पंधरवड्यात चक्कर थांबली.

ती दोन पाकिटं घेऊन मी त्या नामांकितांकडे गेलो. त्यांनी पाकिटांकडेही नीट पाहिलं नाही. "लड़की ने पर्ची में गलत उतार दिया होगा," म्हणाले. ती लड़की, म्हणजे त्यांची सहायक, शेजारीच उभी होती. चिठ्ठीवरचं अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. एवढा मोठा माणूस आणि इतका भित्रा.

काका सांगत फिरतात की मोठ्या डॉक्टरांच्या औषधाचा गुण उशिरा आला. फिरू देत.

पण दर रविवारी बाबांची गोळ्यांची डबी मी भरत होतो. औषधाचं मूळ नाव दोन्ही पाकिटांच्या मागे छापलेलं होतं. मला वाचता येतं.