न उसवणारं पुस्तक

माझ्या वडिलांना वाईट काम करता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. असा माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांना विचारा, डोक्याला केवढा ताप असतो ते.

चाळीस वर्षं बाबा पुस्तकं बांधतात. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. तीत पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांचा ढीग आणि एकच स्टूल. स्टुलावर बाबा, म्हणून गिऱ्हाईक कायम उभं. बाजारात त्यांना सगळे चिवटकाका म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. त्यांनी बांधलेला एक शब्दकोश एकदा तिसऱ्या मजल्यावरून पडला. खाली उभ्या असलेल्या स्कूटरचा आरसा फुटला, पण कोशाचं एक पान हललं नाही. हा किस्सा मी निदान दीडशे वेळा ऐकलाय, आणि दर वेळी तो मजला थोडा वर जातो.

अशा माणसाला मी सिनेमाचं काम दिलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

मी सिनेमाच्या कलाविभागात नुकतीच लागले होते. त्याआधीची तीन वर्षं एका कचेरीत पाकिटांवर पत्ते चिकटवण्यात गेली होती, त्यामुळे ही नोकरी मला जिवापाड जपायची होती. सिनेमा हलकाफुलका होता. नायक चष्मिष्ट ग्रंथपाल, धूळ दिसली की शिंकतो, आणि हा पठ्ठ्या निघालाय कुठल्या तरी प्राचीन राजाचा मुकुट शोधायला. वाट सापडणार एका जुन्या ग्रंथात. दोरांच्या पुलावर लोंबकळत तो ग्रंथ उघडतो, वारा येतो, पानं भराभरा उडतात आणि नकाशाचं नेमकं पान तो दातांत पकडतो. बस, एवढंच.

"बाबा, पुस्तक उघडलं की पानं सुटायला हवीत," मी त्यांना बजावलं होतं.

"दिग्दर्शक काय म्हणतात, ग्रंथ किती जुना आहे?"

"दोन हजार वर्षं."

"मग दोन हजार वर्षं टिकलेला ग्रंथ नेमका त्याच दिवशी कसा उसवेल?"

"सिनेमा आहे बाबा! तुम्ही फक्त सैल शिवा."

"बरं बरं," ते म्हणाले. त्यांचं 'बरं बरं' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी मी विश्वास ठेवला.

चित्रीकरणाला ते स्वतः आले, इस्त्रीचा सदरा घालून. पूल जमिनीपासून हातभर उंच होता, खाली गाद्या. मोठा पंखा सुरू झाला. नायकाने ग्रंथ उघडला. त्याची टोपी उडाली, चष्मा उडाला, दाढीवाल्या खलनायकाची दाढी उडाली. पानं जागच्या जागी. नायकाने ग्रंथ झटकला, मग पुलाच्या दोरावर आपटला. दोर सुटला. सगळे पोट धरून हसले. बाबाही हसले, पण वेगळ्या कारणासाठी. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

"अहो बाबा, सैल शिवा म्हटलं होतं ना?"

"सैलच आहे. एरवी आठ टाके घालतो, इथे पाचच घातलेत. खळ तर नुसती दाखवण्यापुरती."

दुसरा ग्रंथही त्यांनी आणला होता. तोही तसाच. आमच्या विभागाच्या प्रमुख बाई मला बाजूला घेऊन गेल्या. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "जेवणाच्या सुट्टीनंतर शेवटचा प्रयत्न. पानं उडाली नाहीत तर उद्यापासून तू येऊ नकोस."

बाबांना सांगावं तर ते टाके काढणार नाहीत, उलट शिवणीवर भाषण देतील. न सांगावं तर पाकिटं आणि पत्ते. सगळे जेवायला बसले तेव्हा मी सामानाच्या गाडीमागे गेले, ग्रंथाची पाठ उचकटली आणि ब्लेडने पाचही टाके कापले. मेण लावलेला दोरा, तोही सहजासहजी तुटेना. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. दोराही यांच्यासारखाच!

पंखा लागला. पहिल्या झटक्याला काहीच नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या झटक्याला पानं सुटली आणि पाखरांसारखी उधळली. नायकाने एक दातांत पकडलं. टाळ्या पडल्या. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी वळून पाहिलं, तर बाबा टाळ्या वाजवत नव्हते. गाद्यांवर पडलेला पुठ्ठा ते उचलूनसुद्धा बघेनात. एरवी वाटेत पडलेली वही उलटून शिवण तपासणारा माणूस!

घरी येताना ते सबंध वाट खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, दमले असतील. खरं सांगायचं तर मला तसं मानून घ्यायचं होतं. नोकरी वाचली होती, बाकीचं नंतर बघू म्हटलं.

चार दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, डबा द्यायला दुकानात गेले. शिकंजा रिकामा. पातेल्यात खळ नाही. एक बाई उभ्या होत्या, हातात जुना कोश, त्याची पाठ तुटलेली.

"दुसरीकडे न्या," बाबा त्यांना सांगत होते. "माझा हात गेला आता."

"अहो चिवटकाका, तुमच्याशिवाय कोण करणार?"

"माझं पुस्तक सुटलं परवा. शंभर माणसांसमोर. तुम्हाला कशाला फसवू?"

बाई नाइलाजाने वळल्या. बाबांना राग आला असता, त्यांनी आरडाओरडा केला असता, तर मी पुरून उरले असते. हे असलं शांत बसणं मला सहन होईना.

"बाबा, टाके मी कापले."

"किती?"

"पाचही."

"पाचही कापल्यावर... पानं लगेच सुटली?"

"नाही. तिसऱ्या झटक्याला. खळीने धरून ठेवली होती."

ते स्टुलावरून उठले, मला ओलांडून दारात गेले आणि रस्त्याच्या पार टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अहो बाई, थांबा! आणा तो कोश इकडे!"

मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी हसायला लागले. ते वळले, आणि त्यांचा चेहरा हसणारा नव्हता.

"चार दिवस मी इथे म्हातारा होऊन बसलो," ते म्हणाले, "आणि तुला एवढं एक वाक्य बोलता आलं नाही?"

बाई कोश घेऊन आत आल्या. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि पाठ तपासायला लागले. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले.