भरिताची काही चूक नव्हती

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासुरवाडीला, पहूरला, माझ्यासाठी मळ्यात भरिताचा बेत झाला. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेली हिरवी वांगी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. चौथ्यांदा वाढलं तरी नव्या जावयाला नको म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेंबीभोवती दुखू लागलं. चहासुद्धा नकोसा झाला. सासूबाईंनी ओवा चावायला दिला, बेंबीवर हिंगाचा लेप घातला. सासरे मात्र मनातून दुखावले होते.

"भरीत बठ्ठास्नी खादं, मंग जवाईलेच कशाले दुखस?"

सगळ्यांनी तेच खाल्लं होतं, हे खरंच होतं.

दुपारपर्यंत उलटी झाली, अंगात कणकण आली आणि दुखणं उजवीकडे, खाली जाऊन बसलं. सासरे एरंडेलाचा पेला घेऊन आले. भिडेपोटी मी तो तोंडाशी नेला, तेवढ्यात बायकोची आत्या दारातून आत आली. जळगावात नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली ही बाई. सगळे तिला अक्का म्हणत. तिने पेला माझ्या हातातून काढूनच घेतला.

"जावईबापू, उभे राहा. उजव्या पायावर एक उडी मारा."

अख्ख्या सासुरवाडीसमोर मी लंगडी घातली आणि ओरडून खालीच बसलो.

"हे जेवणाचं दुखणं नाही. अपेंडिक्स असेल. जुलाबाचं काही देऊ नका, फुटेल आतल्या आत. आत्ताच जळगावला न्या!"

केळीच्या रिकाम्या टेम्पोतून सासरे, अक्का आणि मी निघालो. प्रत्येक खड्ड्याला माझ्या तोंडून हाय निघे आणि सासरे ड्रायव्हरला शिव्या घालत.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट हळूहळू दाबलं आणि हात झटकन उचलला, तेव्हा जास्तच कळ आली. "काल काय खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं.

"साधंच! घरचं!" सासरे माझ्याआधी बोलले.

संध्याकाळीच ऑपरेशन झालं. उद्यावर ढकललं असतं तर फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. सासरे माझा हात धरून बसले होते. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "साहेब, म्हणजे वांग्यांचा काही संबंध नाही?"

"अजिबात नाही."

"मग तेवढं कागदावर लिहून द्या."

मला हसू फुटलं आणि टाके असे ओढले गेले, की पोटावर उशी दाबून मी अक्कांना म्हणालो, "आधी यांना बाहेर न्या!"