लांग सोनला चालत गेलेला पाहुणा

परदेशातल्या आमच्या रक्ततपासणी लॅबमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर व्हिएतनामची एक मैत्रीण काम करते. तिची मुलगी शाळेतून अडीचला सुटते, आमची शिफ्ट संपते साडेपाचला. मधले तीन तास मुलगी त्यांच्या शेजारच्या चिनी बाईकडे असते. मैत्रिणीला नवरा नाही, इथे नातेवाईक नाहीत. ही सोय होती म्हणून तिची नोकरी टिकली होती.

एका रविवारी मी मैत्रिणीला आणि त्या शेजारणीला जेवायला बोलावलं. शेजारणीचे वडील चीनहून महिनाभरासाठी आले होते, तेही आले. मी त्यांना मैत्रिणीजवळ बसवलं. दोघं तिकडचेच, गप्पा होतील, असा माझा अंदाज. मग पाहुण्यांना विचारतात ते विचारलं, "याआधी परदेशात कुठे गेला होतात का?"

शेजारणीने भाषांतर केलं. वडिलांचं उत्तरही तिनेच सांगितलं. "एकदाच. व्हिएतनामला. चालत."

एकोणीसशे एकोणऐंशी सालचं चीन-व्हिएतनाम युद्ध. दोन्ही देश कम्युनिस्ट, एकमेकांना भाऊ म्हणवणारे, आणि सीमेवर जेमतेम महिनाभर लढले. मला तोवर यातलं काही ठाऊक नव्हतं.

मैत्रिणीने चमचा खाली ठेवला. "कुठल्या गावी?"

"लांग सोन."

"माझं गाव. मी सहा वर्षांची होते. कोंबड्या घेऊन पळालो. परत आलो तर घर नव्हतं."

शेजारीण हे वडिलांना सांगेना. "सांग त्यांना," मैत्रीण म्हणाली. मग शेजारणीने सांगितलं.

"मी वीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "हुकूम होता. परतताना घरं आम्हीच पाडली."

माझ्या मनात सगळ्यात आधी आले ते सोमवारचे अडीच, मुलीची शाळा सुटायची वेळ. मी श्रीखंडाचं पातेलं उचललं. त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. आमच्या घरी याचा अर्थ 'अजून आग्रह करा' असा होतो. मी वाढलं. हातांवरच.

"अगं, काय करतेस!" मैत्रीण ओरडली. "नको म्हणतायत ना ते!"

"आमच्यात नको म्हणजे थोडं वाढा."

"मग खरंच नको असेल तर?"

"तर ताटावरून उठावं लागतं."

शेजारीण डोळे पुसता पुसता हसली. म्हातारबुवा श्रीखंडाने माखलेले हात वर धरून तसेच बसलेले. मैत्रिणीने त्यांच्यापुढे टिश्यू सरकवला. "हात खाली घ्या म्हणावं. कोणी कैदी पकडत नाहीये."

बाकी जेवण झालं. पुऱ्या संपल्या.

निघताना शेजारीण दारात घुटमळली. "उद्या... मी आणू ना तिला शाळेतून?"

"मग कोण आणणार? माझी शिफ्ट आहे." मैत्रीण बूट चढवत होती. "बाबांनाही ने. पण ते तिला रोज चॉकलेट देतात, ते बंद. दात किडलेत तिचे."

सोमवारी अडीच वाजले तेव्हा ती मशीनमध्ये रक्ताचे नमुने लावत होती. फोनकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.