उजेडात ये आणि बोल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणी मला ते ऐकवायला नको. दुकानदाराने बिस्किटाचा पुडा दिला तरी मी आधी मागची तारीख वाचते. सासूबाई मला फौजदार म्हणतात. चुकीचं म्हणत नाहीत.

अकरा महिने घरातून शिकवून झाल्यावर शाळेने आम्हा शिक्षकांना परत बोलावलं, तेव्हा या फौजदारीला चांगलंच काम मिळालं. घरी सासूबाईंची फुप्फुसं आधीच अधू. बाहेरच्या खोलीत त्यांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घरघरत असायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तुम्ही बाहेरून काही घेऊन आलात तर यांचं काही खरं नाही. तेव्हापासून कोण शिंकलं, कोण नाक पुसतंय, कुणाचा मास्क नाकाखाली घसरला, सगळं माझ्या डोक्यात नोंदलं जायचं. घरी गेले की अंगावरचे कपडे थेट बादलीत आणि मी थेट न्हाणीघरात. सासूबाई पलंगावरून म्हणायच्या, "आली बाई आमची फौजदार, आता माझी झडती."

शिक्षकांच्या खोलीत खुर्च्यांसाठी जमिनीवर पिवळे गोल आखले होते. दोन गोलांमध्ये दोन मीटर. ज्याने त्याने आपल्या गोलात बसायचं, मास्क फक्त चहापुरता काढायचा, तोही खिडक्या सताड उघड्या ठेवून. सगळे मुकाट्याने पाळत होते. एक उजेडसर सोडून.

हे नाव मुलांनी पाडलेलं. सर गणिताचे, एकोणतीस वर्षं याच शाळेत. त्यांच्या वर्गात जागेवर बसून बोलायची सोय नव्हती. मुलाने हात वर करायचा, उठायचं, खिडकीजवळ सरांसमोर येऊन उभं राहायचं, हनुवटी वर, शब्द सावकाश. एखादं नवं पोर जागेवरूनच पुटपुटलं की सर म्हणायचे, "उजेडात ये आणि बोल." त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता स्वतः आईबाप झाली, तरी रस्त्यात भेटली की हेच वाक्य म्हणून हसतात. तपासणीला येणारे अधिकारी त्या शिस्तीवर खूश असत. मीही एकदा भूगोलाच्या तासाला तसं करून पाहिलं. चार दिवसांत माझ्या वर्गाचा बाजार झाला, मी नाद सोडला.

सर तसे सरळ. सायकलवर यायचे, खडूचे तुकडे कागदात गुंडाळून खिशात ठेवायचे, पण शर्टाला डाग पडू द्यायचे नाहीत. बायको पोस्टात. मूलबाळ नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "दरवर्षी चाळीस येतात, चाळीस जातात, घरी आणखी कशाला?" निवृत्तीला आठ महिने राहिले होते. दहावीचा हा शेवटचा वर्ग परीक्षेला बसवायचा आणि मग सायकल भिंतीला टेकवायची, एवढंच त्यांचं मागणं.

पण शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. सरांचा गोल खोलीच्या मधोमध होता. त्यांनी आल्या आल्या खुर्ची उचलली आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून ठेवली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तंबी दिल्यावर खुर्ची गोलात आली खरी, पण मी काही लेचीपेची नाही. मी तिच्या पायांभोवती खडूने बारीक खुणा करून ठेवल्या. चहानंतर बघते तर खुर्ची हातभर भिंतीकडे सरकलेली. दुसऱ्या दिवशी दीड हात. आठवडाभरात थेट भिंतीपाशी.

बोलताना ते डोळ्यांत बघायचे नाहीत, नजर मास्कवर खिळलेली. जवळ यायचे, आणखी जवळ. मी मागे सरले की ते पुढे. व्हरांड्यात मागून हाक मारली तर वळून बघायचं नाव नाही. पूर्वी चहाच्या वेळी कोडी घालून आम्हाला छळणारा माणूस आता कशालाही नुसतं "हो हो" म्हणून मोकळा व्हायचा.

त्यात तो फॉर्म. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घ्यायची होती. छाती, रक्तदाब, डोळे, कान, नाक, घसा, सगळ्यांपुढे डॉक्टरांची सही. जो देणार नाही त्याने घरी बसायचं, वर्ग दुसऱ्याकडे जाणार. दोन आठवड्यांची मुदत होती, तिसरा उलटला. सगळ्यांचे फॉर्म आले, सरांचा नाही. कारकून विचारायचा, सर म्हणायचे, "उद्या." एवढा एक वर्ग पुरा करायची आस असलेला माणूस साधा कागद का देत नाही? पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि कुठे ते मला पक्कं ठाऊक होतं. यांना आजार होऊन गेला होता, नाहीतर अजून अंगात होता, आणि ते लपवत होते.

शिवण शिकवणारी बाई माझी जुनी मैत्रीण. तिचा गोल माझ्या शेजारी, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी. चहाच्या वेळी मास्क हनुवटीवर घेऊन आम्ही दोघी मन मोकळं करायचो. त्या दिवशी मी आधी सासूबाईंचं गाऱ्हाणं गायलं. रात्र रात्र खोकतात, औषध दिलं की तोंड फिरवतात, मी आता खरंच कंटाळलेय, असं सगळं. मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि वर हा म्हातारा. आपल्या सगळ्यांना घेऊन जाईल हा. आजार लपवतोय, लिहून ठेव."

"अगं, काहीतरीच. साधा माणूस आहे तो."

"साधेच लपवतात. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही. मी सोडणार नाही त्याला. घरी पाठवल्याशिवाय राहत नाही."

समोरच्या भिंतीजवळ सर चहाचा कप धरून बसले होते. आमच्याकडेच बघत होते. मी पाठ फिरवली नाही, फक्त आवाज आणखी उतरवला. एवढ्या लांबून काय ऐकू जाणार?

दोन दिवसांनी पुरावा आयताच हातात आला. तिसऱ्या तासाला मी दहावीच्या वर्गावरून जात होते. वर्गप्रमुख मुलगी खिडकीजवळ उभी राहून उत्तर देत होती. मास्क हनुवटीखाली. सर हातभर अंतरावर, मान डोलावत. माझ्या पायाखालची जमीन सरकली. तास संपल्यावर मुलीला व्हरांड्यात गाठलं.

"मास्क काढायला सरांनी सांगितलं?"

"नाही बाई. आम्हीच काढतो."

"आम्हीच म्हणजे? सगळे? आणि का म्हणून?"

ती बुटांकडे बघत राहिली. "सरांच्या तासाला तसंच असतं बाई."

बावीस वर्षं मुलं शिकवलीत मी. पढवलेलं पोर मला लगेच ओळखू येतं. मी तिथल्या तिथे ठरवलं आणि मधल्या सुट्टीत दोन पानी तक्रार लिहिली. तारखा, वेळा, खुर्चीची मापं, फॉर्म, मुलीचा मास्क, काही सोडलं नाही. मोठ्या बाईंनी वाचली, चष्मा काढला, परत घातला. "खात्री आहे ना तुमची?" मी म्हटलं, शंभर टक्के.

शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेत चौकशी बसली. मोठ्या बाई, संस्थेचे सचिव आणि शिक्षकांतर्फे आरोग्य समितीवर असलेली मी. कामकाज मीच लिहिणार होते. तक्रार माझी, कागद माझा, पेनही माझं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच. आम्ही तिघं खिडक्यांकडे पाठ करून बसलो. सरांची खुर्ची समोर, चांगली तीन मीटर लांब. सगळ्यांचे मास्क घट्ट.

सचिवांनी सुरुवात केली. "तुम्हाला गेल्या महिन्याभरात ताप, खोकला असं काही झालं होतं?"

सर जरा थांबले. "हो."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

"ते तुम्ही शाळेपासून लपवलंत?"

"हो."

"मुलांना मास्क काढायला लावलंत?"

"हो, हो."

"लिहा बाई," सचिव म्हणाले. "मग फारसं काही उरलंच नाही. सोमवारपासून वर्ग दुसऱ्याकडे."

मी तिसरं "हो" लिहीत होते आणि पेन अडखळलं. उत्तर बरोबर आलं तरी "पायऱ्या दाखव" म्हणून मुलांना पिडणारा हा माणूस. तो आपल्या आयुष्यभराच्या नोकरीवर तीनदा पाणी सोडतो, आणि तेही एका शब्दात? मी मान वर केली. सर सचिवांकडे बघतच नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते. पेन थांबलं की त्यांना कळत होतं, प्रश्न संपला, आता काहीतरी म्हणायचं. आणि कपाळावर घाम होता, तापाचा नव्हे.

मी तशीच, मास्कआडून, त्याच सुरात विचारलं, "सर, काल तुम्ही चंद्रावर जाऊन आलात का?"

"हो," सर म्हणाले.

"बाई, ही थट्टेची जागा आहे का?" सचिव भडकले.

मी त्यांना उत्तर दिलं नाही. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. भिंतीला लावलेली पाठ, म्हणजे मागे कुणी नको. मास्कवर खिळलेली नजर. कान, नाक, घसा, त्यापुढे डॉक्टरांची सही. आणि ती शिस्त, जिच्यावर अधिकारी खूश असत, जी मला चार दिवस जमली नाही. ती शिस्त नव्हतीच. वर्षानुवर्षं चाळीस चाळीस पोरं एका माणसाला सांभाळून घेत होती, मोठी पोरं धाकट्यांना शिकवत होती, आणि आम्ही सगळे शहाणे बघत होतो.

मी उठले. त्यांच्या समोर गेले आणि खिडकीचा उजेड तोंडावर पडेल अशी तिरकी उभी राहिले. आणि मी, शाळेतली सगळ्यात कडक बाई, मास्क खाली केला.

"सर," मी सावकाश म्हटलं, "तुम्ही आजारी होतात का? आजार लपवलात का?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा असा उतरला, की आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

"नाही," ते म्हणाले. "एक दिवसही नाही."

एक आरोप खोटा ठरवायला मी त्यांचं आयुष्यभर झाकलेलं सगळं उघड्यावर आणलं होतं. सचिव मला म्हणाले, सरांना नव्हे, "म्हणजे यांना ऐकू येत नाही? मग हे इतकी वर्षं शिकवत कसे होते?"

सर माझ्याकडे बघत होते. काय बोलणं झालं ते त्यांना हवं होतं, आणि सांगणारी मीच होते. मी तो प्रश्न शब्दनशब्द त्यांना सांगितला.

"डावा कान तरुणपणीच गेला," सर म्हणाले. "उजवा हळूहळू, दहा-बारा वर्षांत. मुलं उजेडात येऊन बोलायची. मला अडलं नाही. आता तोंडं झाकली तर अडलं. फॉर्म खिशात आहे माझ्या, रोज आणतो, रोज परत नेतो. मुलांना मी मास्क काढायला सांगितलं नव्हतं. पण घालाही म्हणालो नाही. तेवढा माझा दोष लिहा."

मोठ्या बाईंनी माझ्यापुढचा कागद ओढून वाचला, परत माझ्याकडे सरकवला. मग मला म्हणाल्या, "आधीचं सगळं खोडा. लिहा, दहावीच्या गणिताच्या तासाला सगळ्या मुलांना मास्कऐवजी पारदर्शक शिल्ड द्यायची, अंतर दुप्पट ठेवायचं आणि वर्ग परीक्षेपर्यंत सरांकडेच राहील. फॉर्म जसा आहे तसा भरा म्हणावं त्यांना. कानापुढे डॉक्टर काय लिहितात ते माझं मी बघते." सचिव काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "लेखी द्या, उत्तर देईन."

मी तीन "हो" खोडले. मग परत सरांसमोर उभी राहिले आणि हा निर्णय त्यांना सांगितला, एकेक शब्द. त्यांनी मान हलवली. आभार वगैरे काही नाही. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते, माफी म्हणा, जे काय असेल ते. त्यांनी हात वर केला, वर्गात गडबड थांबवायला करायचे तसा.

"कळलं बाई," ते म्हणाले. "आता मास्क वर घ्या. घरी सासूबाई आहेत तुमच्या, रात्र रात्र खोकतात."

मी मास्क वर घेतला. सासूबाईंबद्दल मी त्यांच्याशी कधी एक अक्षर बोलले नव्हते. बोलले होते ते शिवणबाईंशी, चहाच्या वेळी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मास्क हनुवटीवर घेऊन, खिडकीच्या उजेडात. आणि त्याच्या पुढचं वाक्य सरांबद्दलचं होतं.