वीतभर मातीतलं काम

आमच्या ह्यांना बोलता येत नाही. मुके नाहीत, पण जिथे चार शब्द लागतात तिथे एक बोलतात आणि तो नेमका नको तो असतो. माझी आई आजारी होती तेव्हा तिला बघायला गेले आणि खाटेजवळ बसून म्हणाले, "खोली हवेशीर आहे, वास कोंडणार नाही." आई त्यानंतर चार वर्षं जगली, आणि जावई आला की आधी खिडकी लावून घ्यायची.

असा माणूस दफनभूमीत माळी म्हणून लागला हे एका परीने बरंच झालं. तिथे बोलायचं काम कमी. सकाळी फाटक उघडायचं, पाचोळा झाडायचा, कुंपणाची झुडपं कातरायची, जुनी जागा पुन्हा वापरायची झाली की ती खणून द्यायची आणि गवत राखायचं. गवतात मात्र ह्यांचा जीव. लोक तिथे येतात, दगडावरचं नाव क्षणभर बघतात आणि मग गवतावर तळवा टेकून बसतात. एकदा मला म्हणाले, "तेवढंच हाताला लागतं गं त्यांच्या." ह्यांच्या मानाने हे भाषण झालं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

त्या वर्षी गवताला हुमणी लागली. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी. पांढरी, बोटाएवढी जाड, वाटोळी वळून पडलेली. जमिनीखाली बसून ती मुळं कुरतडते, मग वरचं गवत पिवळं पडतं आणि ओढलं तर सतरंजीसारखं हातात गुंडाळून येतं. तेवढ्यावर भागलं असतं तर ह्यांनी नवं गवत लावलं असतं. पण अळ्या खायला कावळे येऊ लागले. सकाळी फाटक उघडावं तर थडग्यांवरची माती चोचींनी उकरलेली. आपलं माणूस खाली आहे आणि वर हे असं, ते बघून कुणाला काय वाटत असेल ते मी वेगळं सांगायला नको.

सगळ्यात वाईट दशा होती कोपऱ्यातल्या लहान मुलांच्या रांगेची, त्यातही पोस्टातल्या बाईंच्या मुलीच्या जागेची. बाई पोस्टात खिडकीवर बसतात, पाकिटावर शिक्का मारताना मानही वर करत नाहीत. मुलगी सात वर्षांची असताना तापात गेली, त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. बाई रोज कामावर जाण्याआधी तिथे यायच्या. त्या दिवसांत आल्या की पर्स बाजूला ठेवायच्या, उकरलेली माती हातांनी सारखी करायच्या, गवताचे तुकडे जागच्या जागी दाबून बसवायच्या आणि मातीच्या नखांनीच पोस्ट उघडायच्या. एकदा ह्यांना म्हणाल्या, "मला दुसरं काही नको हो. तिला कुणी उकरू नये, एवढंच."

व्यवस्थापक म्हणाले, विषाचे दाणे टाका. ह्यांनी ते पूर्वी एकदा टाकले होते. हुमणी गेली, तिच्याबरोबर गांडुळं गेली आणि फाटकापाशी कावळे पाय वर करून पडले. शिवाय त्या गवतावर लोक हात टेकतात, कुणाचं तान्हं रांगतं. ह्यांनी नकार दिला. का, ते अर्थातच सांगितलं नाही, त्यामुळे व्यवस्थापकांनी कामचुकार ठरवलं.

तेव्हा माझी भाची कामाला आली. ती शेतकी प्रयोगशाळेत आहे. तिने ओलसर भुकटीची पाकिटं आणून दिली. त्या भुकटीत सूत्रकृमी होते, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. पाण्यात कालवून ओल्या मातीवर ओतायचे. मग ते हुमणीला हुडकत जातात, तिच्या तोंडावाटे नाहीतर कातडीतून आत शिरतात आणि स्वतःच्या पोटात बाळगलेले जंतू तिच्या अंगात सोडतात. दोन-तीन दिवसांत अळी मरते आणि विटेसारखी लाल होते. तिच्यातच सूत्रकृमींची पिल्लावळ वाढते आणि बाहेर पडून पुढची हुमणी शोधायला लागते. माणसाला, झाडाला, गांडुळाला त्यांचा काही त्रास नाही. काट्याने काटा काढतात तसं किड्याने किडा काढायचा.

"मावशी, ऊन लागलं की ते मेलेच समज," भाचीने बजावलं. "फ्रीजमध्ये ठेव. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको."

म्हणजे माझ्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याला खेटून, लाखो किडे राहायला आले. पाहुणे जाईपर्यंत मी कोरा चहा प्यायले आणि ह्यांना येता-जाता ऐकवत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

पहिली खेप फवारणीच्या पंपाच्या बारीक जाळीत अडकून वाया गेली. मग ह्यांनी पंप ठेवून दिला आणि झारी घेतली. ऊन उतरल्यावर माती भिजवायची, पाकीट बादलीत कालवायचं, किडे तळाशी बसू नयेत म्हणून ढवळत राहायचं आणि झारीने ओतायचं. सुरुवात मुलांच्या रांगेपासूनच करायची असं ह्यांनी ठरवलं होतं, पोस्टातल्या बाईंसाठी. झारी तिरकी करणार तेवढ्यात बाई स्वतःच तिथे आल्या.

इथेच घोडं पेंड खातं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, औषध घालतोय. आमच्या ह्यांना बाईंना धीर द्यायचा होता. जन्मात पहिल्यांदा ते आपणहून बोलले, तेही हसून.

"ताई, आता काळजी सोडा. तिच्यावर किडे सोडतोय."

घरी आले ते भिजलेल्या पायजम्यात, झारीला पोचा पडलेला आणि गालावर बोटांचे वळ. बाईंनी झारी हिसकून लांब भिरकावली होती.

"काय म्हणालात तुम्ही त्यांना?" मी विचारलं. ह्यांनी शब्दन् शब्द सांगितला. मी कपाळाला हात लावला. "अहो, जिने पोटची पोर पुरली तिला असं सांगतात?"

"किडेच होते की गं," हे म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघता बघता त्यांना उमगलं, आपण काय बोलून बसलो ते. ताट समोर वाढलेलं होतं. ते तसेच उठले, मोरीत गेले आणि कितीतरी वेळ नुसते हात धूत राहिले. मला त्यांचा संताप आला होता, तरी मी ताट झाकून ठेवलं.

बाईंनी व्यवस्थापकांना सांगितलं, बाकी सगळीकडे हवं ते करा, माझ्या मुलीच्या जागेला हा माणूस हात लावणार नाही. तसंच ठरलं. बाकी सगळीकडे सूत्रकृमी पडले. हळूहळू हुमणी सरली, गवताने मुळं धरली, कावळ्यांना चोच मारून काही मिळेना. सगळ्या दफनभूमीत हुमणी शाबूत राहिलेली जागा एकच उरली आणि सगळे कावळे तिथेच लोटले.

बाई उजाडायच्या आत येऊ लागल्या. हातात छत्री घेऊन कावळे हाकलत उभ्या राहायच्या. पोस्टाची वेळ टळायची, खिडकीपुढे रांग लागायची, वरिष्ठांची बोलणी बसायची, तरी ह्या तिथेच. हे लांबून बघायचे आणि घरी येऊन घास चिवडत बसायचे.

"जा आणि माफी मागा," मी म्हटलं.

"काय म्हणू?"

"चुकलो म्हणा."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही! हात जोडते, पुढे एक अक्षर काढू नका."

गेले. मला भरवसा नव्हता, म्हणून मीही मागोमाग गेले.

बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. छत्री बाजूला पडली होती. बोटांनी माती खणून त्या एकेक हुमणी वेचत होत्या आणि रुमालात टाकत होत्या. तिला कुणी उकरू नये म्हणणारी आई स्वतःच उकरत होती. मी ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"ताई, चुकलो," हे म्हणाले आणि कबूल केल्याप्रमाणे गप्प राहिले. माझा जीव भांड्यात पडला.

बाईंनी मान वर केली नाही. "तुमचे ते किडे खातात काय?"

"हुमणी."

"आणि?"

"तसल्याच अळ्या. जिवंत लागतात त्यांना. मेलेलं नाही शोधत."

"खोल किती जातात?"

ह्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "एवढे. वरच्या वर."

बाई त्या ताणलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मग खाली तिला कोण खातंय?"

मी ह्यांची बाही ओढली. अशा वेळी खोटं बोलावं. मी बोलले असते. झोपलीय हो ती, असं काहीतरी. हे मात्र माझा हात सोडवून बाईंच्या समोर मातीत बसले.

"आता कुणी नाही," ते म्हणाले. "मी इथल्या जुन्या जागा उघडल्यात, ताई. लहान मूल लवकर माती होतं. जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं. आता खाली खाणारं कुणी नाही आणि खाण्यासारखंही काही नाही. वरून कावळे येवोत की किडे, तिच्यापर्यंत काही पोचत नाही."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता दुसरा गाल.

"संपलं?" बाईंचा आवाज आला. सुई टोचून झाल्यावर मूल विचारतं तसा.

"संपलं. दुखायचं केव्हाच संपलं तिचं."

बाई रडल्या. अशा रडल्या की पलीकडच्या रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. मी जवळ बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही आवरलं नाही. हे दोघींसमोर मान खाली घालून बसले होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ह्या माणसाला बोलता येतं.

संध्याकाळी झारी बाईंनीच धरली. हे बादली ढवळत होते. ओतून झाल्यावर बाईंनी माती चापून सारखी केली आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी बाई आल्या नाहीत. हुमणी मरायला अजून अवकाश होता, कावळे यायचेच. हे छत्री घेऊन तिथे बसून राहिले आणि मला पोस्टात पिटाळलं, बघून ये म्हणून. खिडकीवर बाई होत्या. मला बघून त्यांनी शिक्का खाली ठेवला.

"झोप लागली हो मला," त्या म्हणाल्या. "जागच आली नाही."