राखेचं रिंगण

म्बोने भित्री, हे काकामेगाच्या रानाकडेला कुणाला सांगायला नको. वीज कडाडली की ती पलंगाखाली, पोलिसांची गाडी दिसली की मक्याच्या शेतात. नवरा होता तोवर तो हसायचा, आता धाकटी जाऊ हसते. पण सियाफू मुंग्यांना ती भ्यायची, ते उगाच नव्हे. लहानपणी खुंट्याला बांधलेली कोंबडी सोडायला गेली, तर नुसती दोरी होती आणि पिसं होती. बस्स.

म्हणून लेक नैरोबीला कामाला गेली आणि तान्ही नात मिनायो म्बोनेच्या पदरात पडली, तेव्हापासून तिचा एक नेम. फुलबागेत काम करताना नातीला पेरूखाली चटईवर निजवायचं आणि भोवती चुलीतल्या राखेचं जाडजूड रिंगण घालायचं. राख ओलांडून सियाफू सहसा येत नाहीत.

"अहो जाऊबाई, पोर निजवताय की रताळं भाजताय?" कुंपणापलीकडून आयुमा रोज विचारायची.

"हस तू! तुझं काय जातंय!"

त्या दिवशी मात्र गुलाबांवर मावा पडलेला. कळ्या हिरव्या किड्यांनी नुसत्या लडबडलेल्या, आणि चर्चमधल्या लग्नाची फुलं दुसऱ्याच दिवशी द्यायची. म्बोनेचं धाबं दणाणलं. गिऱ्हाईक तुटलं तर नातीचं दूध कुठून आणायचं? तिनं राखेचा डबा घेतला आणि कळ्यांवर, पानांवर, आळ्यांत मुठी मुठी राख उधळली. डबा रिकामा झाला तेव्हा कुठं तिला चटई आठवली.

आयुमाकडे मागावी? नको बाई, पुन्हा ते रताळं ऐकायचं. ओढ्यावरून पाणी आणते, तेवढ्यात काय होतंय, असं म्हणत तिनं हंडा उचलला.

परतताना वाटेवर नाकतोडे उड्या मारत समोरून पळत आले. एक नाही, ढिगानं. सियाफूंची झुंड निघाली की किडे असेच पुढं पळतात; म्बोनेला काय ते कळलं. हंडा तिथंच पडला.

पेरूखालची जमीन काळी झाली होती आणि हलत होती. चटईही हलत होती. चटईवर मिनायोचं फडकं होतं. मिनायो नव्हती.

म्बोने तशीच त्या काळ्यात घुसली. घोट्यांना, पोटऱ्यांना कडाकड चावे. तिनं फडकं उचललं, झटकलं, पुन्हा झटकलं.

"जाऊबाई! इकडं! अहो, गुलाबात बघा!"

आयुमा गुलाबांच्या मधोमध उभी होती. अंगभर राख, पायांवर रक्त, आणि खांद्यावर मिनायो, टाहो फोडणारी, जिवंत. सियाफूंची रांग राखेच्या कडेला थबकून वळली होती.

"पोर रडली म्हणून धावले. दुसरीकडं राख होती कुठं?" आयुमा एका हातानं पायांवरच्या मुंग्या उपटत होती. "तुमचे गुलाब तुडवले हो मी सगळे."

म्बोनेनं गुलाबांकडे पाहिलंही नाही. नातीचे कान, नाक, बोटं चाचपली आणि आयुमाच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडली.

सकाळी लग्नवाले नको नको ते बोलून गेले. त्यांच्यामागून आयुमा आली, सुजलेल्या पायांनी लंगडत, आपल्या चुलीतली राख सुपात घेऊन. म्बोनेनं चटईभोवती रिंगण घातलं. आयुमा खाली वाकली आणि तिनं त्याच्याबाहेर दुसरं घातलं.